शिबीचे डोळे

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एका राजाची कथा रंगवलेली आहे. चित्रकाराने त्याचे नावही तिथेच रंगात लिहून ठेवले आहे : शिबिराजा. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याच्या एका मांडलिकाने हे लेणे कोरवून घेतले. कबुतराच्या भारंभार आपले मांस तोडून देणारा शिबी मराठी वाचकाला ठाऊक असतो. तो अजिंठ्यातही आहे, पण पहिल्या लेण्यात. सतराव्या लेण्यातला शिबी डोळे देतो.

पाली जातकसंग्रहात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, ही कथा ४९९ व्या क्रमांकावर येते. दानशाळा चालवून शिबीचे समाधान होईना. आपल्या देहातले काही कुणी मागावे, असे त्याच्या मनात आले. ते ओळखून शक्र, म्हणजे इंद्र, आंधळ्या म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या रूपात आला आणि त्याने एक डोळा मागितला. राजाने दोन्ही देऊ केले. मंत्री आणि नगरजन धन द्या, हत्ती द्या म्हणून विनवू लागले. राजा बधला नाही. त्याने सीवक नावाच्या वैद्याला बोलावले.

कथेतला सर्वांत नेमका भाग इथून सुरू होतो. राजाच्या डोळ्याला शस्त्र लावणे सीवकाला प्रशस्त वाटेना. त्याने औषधी चूर्ण तयार केले आणि ते निळ्या कमळाला चोळून त्याचा प्रयोग डोळ्यावर केला. पहिल्या वेळी डोळा फिरला, दुसऱ्या वेळी खोबणीत सुटा झाला, तिसऱ्या वेळी बाहेर येऊन शिरेला लोंबू लागला. दर टप्प्याला वैद्य थांबून सांगतो : महाराज, अजून विचार करा, डोळा पूर्ववत करता येईल. राजा वेदना सोसत ‘उशीर करू नको’ म्हणतो. अखेर शीर कापली जाते. ब्राह्मण तो डोळा आपल्या खोबणीत बसवतो आणि तो तिथे उमललेल्या निळ्या कमळासारखा शोभतो.

प्राचीन भारतात नेत्ररोपण होत होते, असे या कथेवरून म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदू शलाकेने बाजूला सारण्याची कृती आहे, रुग्णाच्याच गालाच्या त्वचेने नाक घडवण्याची कृती आहे. एकाचा डोळा दुसऱ्याला बसवण्याची नाही. कथाकाराजवळ तंत्र नव्हते. असे दान मागितले गेले तर काय काय घडेल, हे मात्र त्याने बारकाईने कल्पिले होते. दाता आणि घेणारा यांचे नाते नाही, आप्तांचा विरोध आहे, वैद्याचा हात अडखळतो आहे आणि दात्याची संमती पुन्हापुन्हा विचारली जाते आहे. अवयवदानाच्या आजच्या नियमांत याच गोष्टींवर पाने खर्ची पडतात.

प्रत्यक्ष यश यायला विसावे शतक उजाडले. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ओलोमोउत्स इथे एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर शस्त्रक्रिया केली. इजा झाल्याने एका अकरा वर्षांच्या मुलाचा डोळा काढावा लागला होता. त्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, त्यांनी वापरला. पुढे रशियन नेत्रतज्ज्ञ फिलातोव यांनी मृताचा कॉर्निया वापरण्याची पद्धत रुळवली आणि नेत्रपेढ्यांचा मार्ग मोकळा झाला.

शिबीची कथा बौद्ध जगात दूरवर पोचली होती. इ. स. ४०० च्या सुमारास आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूने, शिबीच्या रूपातल्या बोधिसत्त्वाने डोळे दिले त्या जागी गांधारात स्तूप असल्याची नोंद केली आहे. श्रीलंकेत तर तिने आधुनिक काळात काम केले. डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ मध्ये तिथे नेत्रदान संस्था स्थापन केली. नेत्रदानाचे आवाहन करताना तिथे शिबीचा दाखला दिला जातो, आणि या छोट्या बेटाने आजवर हजारो कॉर्निया परदेशांत पाठवले आहेत.

भारतात २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. नेत्रदान मरणोत्तरच होते आणि त्यासाठी साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. धडधाकट राजाचे दोन्ही डोळे काढणारा सीवक आज गुन्हेगार ठरला असता.

एका बाबतीत कथा अजूनही पुढेच आहे. कॉर्निया बदलता येतो. अख्ख्या डोळ्याचे काम अडते ते दृष्टिचेतेपाशी, कारण एकदा तोडलेली ती चेता मेंदूशी पुन्हा जोडता आलेली नाही. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या शल्यविशारदांनी चेहऱ्याच्या काही भागासह एक संपूर्ण डोळा प्रथमच माणसावर रोपला. त्यात रक्तपुरवठा सुरू झाला, डोळा जगला. दृष्टी आली नाही.