कुत्रा कुणाचा? : १८३२ ची मुंबई आणि गल्लीची जबाबदारी

रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी मराठीत तीन विशेषणे सर्रास वापरली जातात : भटका, मोकाट आणि बेवारशी. ती समानार्थी भासतात, पण प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. ‘भटका’ हा शब्द त्याच्या चालीविषयी बोलतो, ‘मोकाट’ त्याच्या गळ्यात नसलेल्या दाव्याविषयी. आणि ‘बेवारशी’ हा तर थेट मालमत्तेच्या व्यवहारातून आलेला शब्द आहे. ज्या वस्तूला वारस नाही ती बेवारशी. तिन्ही शब्द अभावाचे आहेत : घर नाही, बंधन नाही, धनी नाही. आपली म्हण मात्र काही वेगळेच सांगते. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो, असे आपण म्हणतो तेव्हा कुत्र्याला ‘आपली’ म्हणावी अशी एक गल्ली असते हे आपण मान्यच केलेले असते. ज्याला स्वतःची गल्ली आहे तो भटका कसा? आणि गल्ली जर त्याची असेल, तर तो गल्लीचा का नाही?

हा प्रश्न केवळ शब्दांचा खेळ नाही. मुंबईत या प्रश्नावरून एकदा दंगल झाली आहे. त्या दंगलीकडे पुन्हा पाहिले, तर आजच्या आपल्या वादात नेमके काय हरवले आहे ते अधिक स्पष्ट दिसते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईत १८१३ पासून एक नियम होता. उन्हाळ्यात आणि पावसाळा संपताना, ठरवून दिलेल्या काही आठवड्यांत, रस्त्यावरची कुत्री मारण्याची मुभा पोलिसांना होती. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती हे त्याचे कारण. ती भीती खोटी नव्हती. त्या काळी पिसाळलेला कुत्रा चावून रोग जडला, की त्यावर जगात कोठेही इलाज नव्हता. १८३२ च्या मे महिन्यात दंडाधिकाऱ्यांनी ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. बक्षीस आले, की कोणता कुत्रा पिसाळलेला, कोणता शहाणा, कोणता बेवारशी आणि कोणता घरचा, हा विवेक गळून पडतो. ओट्यावरची, दारातली, किंबहुना घरातलीही कुत्री ओढून नेली जात असल्याच्या तक्रारी झाल्या.

६ जून १८३२ रोजी कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्ट भागातल्या, सुमारे दोनशे पारश्यांच्या जमावाने कुत्री मारणाऱ्या गोऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. या बंदमध्ये पारश्यांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही उतरले. लष्कराच्या छावणीकडे जाणारा शिधा अडवला गेला आणि अखेर सैन्य बोलावून जमाव पांगवावा लागला. धरपकड झाली, खटले झाले. जमशेटजी जीजीभाईंसारख्या व्यापारी पुढाऱ्यांनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत अशी मागणी पुढे आली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. भुलेश्वरजवळच्या त्या वस्तीला आजही पांजरपोळ म्हणतात. पण ते नाव उच्चारताना कुत्र्यांवरून झालेली दंगल कुणाला आठवत नाही.

जेसी पालसेटिया यांनी २००१ मध्ये या दंगलीवर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. परकी सत्ता आणि तिच्याशी एरवी सलोख्याने वागणारा पारशी समाज यांच्या संबंधांच्या अंगाने तो वाचता येतो. येथे मात्र दुसऱ्या एका अंगाकडे लक्ष वेधायचे आहे. कंपनीच्या नियमात कुत्र्यांचे दोनच वर्ग होते : मालकाचा आणि बिनमालकाचा. पहिला मालमत्ता, दुसरा उपद्रव. कोटातल्या रहिवाशांच्या जगात मात्र एक तिसरा वर्ग होता आणि त्याला नियमाच्या भाषेत नाव नव्हते. मोहल्ल्यातला कुत्रा हा तो वर्ग. त्याचा धनी कुणी एक नव्हता, पण त्याला रोज घास मिळत होता, दारे माहीत होती, माणसे ओळखीची होती. दंगल झाली ती या बिननावाच्या नात्यासाठी.

पारश्यांपुरते पाहिले तर या नात्यामागे धर्माचे पाठबळ होते. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी, हा ‘सगदीद’ नावाचा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. पण त्याहून लक्षणीय आहे तो वेंदिदाद या धर्मग्रंथातला कुत्र्याविषयीचा विचार. तेथे कुत्र्याला निकृष्ट अन्न देणे हा अपराध मानला आहे. पण त्याचबरोबर कुत्रा पिसाळला तर त्याच्या गळ्यात लाकडी पट्टा घालून त्याला बांधून ठेवावे, असेही सांगितले आहे. आणि एखादी कुत्री विणार असेल व तिचा कुणी धनी नसेल, तर तिची जबाबदारी कुणाची, या प्रश्नाला तेथे एक विलक्षण साधे उत्तर आहे : ज्याचे घर सर्वांत जवळ, त्याची. येथे मालकी नाही, निव्वळ दयाही नाही. येथे सान्निध्यातून येणारे कर्तव्य आहे. तू तिला विकत घेतलेस का, ती तुला आवडते का, हे कुणी विचारत नाही. ती तुझ्या दाराजवळ आहे, एवढे पुरेसे आहे.

आपल्या परंपरेत कुत्र्याला स्थान नाही असे नव्हे. महाभारताच्या आदिपर्वातच जनमेजयाच्या भावांनी निरपराध कुत्र्याला मारल्याची आणि त्याची आई सरमा हिने राजाला जाब विचारल्याची कथा आहे. आणि शेवटाकडे, महाप्रस्थानाच्या वाटेवर, युधिष्ठिर कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो. कुत्र्याच्या फिर्यादीपासून कुत्र्याच्या सोबतीपर्यंतचा हा प्रवास अर्थपूर्ण आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवून घेतात, आणि पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर घरोघरी ठाऊक आहेत. पंचबलीत कुत्र्याचा घास वेगळा काढण्याची रीतही आहे. परंतु नीट पाहिले तर या साऱ्यात करुणा आहे, अन्नदान आहे. घास दिल्यानंतरच्या उत्तरदायित्वाची व्यवस्था फारशी नाही. तो कुत्रा उद्या कुणाला चावला तर काय, हा प्रश्न कथेत येत नाही. शहरात तो पहिल्याच दिवशी येतो.

एकोणिसाव्या शतकात शहरांनी या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे दिली. इंग्लंडने प्रत्येक कुत्र्याला मालक जोडण्याचा मार्ग धरला. परवाना, मुसके, परदेशातून आलेल्या कुत्र्यांना विलगीकरण, आणि मालक नसलेल्यांची धरपकड. १९०२ पर्यंत त्या देशातून पिसाळरोग हद्दपार झाला. ही कामगिरी मोठी होती. तिची किंमत अशी, की मालकाशिवायच्या कुत्र्याला रस्त्यावर जागाच उरली नाही. इस्तंबूलमध्ये तर मोहल्ल्याची कुत्री ही शहराची ओळखच होती. ‘मोहल्ला’ हा शब्दही त्यांचा आणि आपला एकच. १९१० मध्ये आधुनिक होऊ पाहणाऱ्या तेथील प्रशासनाने हजारो कुत्री एका उजाड बेटावर नेऊन सोडली आणि ती तेथे भुकेने व तहानेने मेली. १८३२ च्या मुंबईतील अर्जदारांना जो उपाय दयेचा वाटला होता, तोच ‘शहराबाहेर सोडण्याचा’ उपाय अन्नपाण्याची सोय नसेल तर कोठे पोहोचतो, ते या बेटाने दाखवले.

भारतीय शहरांनी ना पहिला मार्ग पुरता स्वीकारला, ना तिसरा शोधला. नगरपालिका कुत्री मारत राहिल्या आणि कुत्री वाढत राहिली. कारण उघड्यावर पडणारा कचरा तसाच होता आणि मोकळी झालेली जागा शेजारच्या गल्लीतली कुत्री भरून काढत होती. पाश्चरने १८८५ मध्ये लस शोधली, १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था उभी राहिली. पुढे मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस आली आणि ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ ही आपल्या कित्येक पिढ्यांची भयकथा होऊन बसली. ती लस भारतात या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली आणि दंडावर देण्याच्या सुरक्षित लशी आल्या. नसबंदी आणि लसीकरणाचा आग्रह चेन्नईच्या ब्लू क्रॉस या संस्थेने १९६० च्या दशकापासून धरला होता. १९९० च्या दशकात चेन्नई व मुंबई या शहरांनी मारणे थांबवून तो मार्ग धरला आणि २००१ च्या केंद्रीय नियमांनी त्याला देशव्यापी रूप दिले.

२०२३ मध्ये ते नियम नव्याने आले, तेव्हा त्यांत रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी एक नवी संज्ञा होती : सामुदायिक प्राणी. १८३२ मध्ये ज्याला नाव नव्हते त्या तिसऱ्या वर्गाला तब्बल १९१ वर्षांनी कायद्याने नाव दिले. अन्न कोठे आणि कधी द्यायचे याची व्यवस्था लावण्याचे काम त्या नियमांनी रहिवासी संघटनांकडे सोपवले. वेंदिदादमधल्या ‘सर्वांत जवळच्या घरा’चा हा दूरचा प्रतिध्वनीच म्हणावा लागेल. पण नाव दिल्याने नाते तयार होत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. अकराच दिवसांत मोठ्या खंडपीठाने तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून ती हटवण्याचा आदेश आला. न्यायालयालाही ही रेषा पुन्हा पुन्हा आखावी लागते, कारण समाजाने ती स्वतः आखलेली नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी ‘सामुदायिक’ या शब्दातला समुदाय सोयीने विसरला जातो. संध्याकाळी बिस्किटांचा पुडा फोडणारा मनुष्य मायाळू असतो. पण त्या कुत्र्याची नसबंदी झाली का, लस कधी दिली, हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. तक्रारीचा अर्ज करणाऱ्याला कुत्री नाहीशी व्हायला हवी असतात. पण कोपऱ्यावर साचणारे उष्टे आपल्याच घरांतून जाते, हे तो लक्षात घेत नाही. आणि पाळीव कुत्र्याचा मालक, ज्याला कायद्याने मालक मानले आहे, तो तरी काय करतो? परवाना काढत नाही, पट्टा सोडून फिरवतो, विष्ठा तशीच टाकून पुढे जातो. आणि हौस फिटली की कुत्रा दूरच्या रस्त्यावर नेऊन सोडतो. असे सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आपण ज्याला ‘बेवारशी’ म्हणतो त्याचा वारस कित्येकदा त्याच शहरात सुखाने नांदत असतो.

दाव पणाला लागलेला असतो तो तिसऱ्याच कुणाचा. पहाटे कचरा वेचणारी बाई, रात्रपाळीहून परतणारा कामगार, चालत शाळेत जाणारे मूल. जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणसांना होणाऱ्या पिसाळरोगाच्या सुमारे ९९ टक्के घटना कुत्र्यांमुळे होतात आणि बळींपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. २०२२-२३ मधील देशव्यापी पाहणीवरून भारतात दरवर्षी ५,७०० हून अधिक माणसे या रोगाने मरतात, असा अंदाज बांधला गेला. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून जवळजवळ कुणी वाचत नाही. आणि कुत्र्यांपैकी सत्तर टक्क्यांना नियमित लस मिळाली तर तो पसरायचाच थांबतो. म्हणजे हे मृत्यू कुत्र्यांच्या असण्याने जितके होतात, त्याहून अधिक आपल्या नसण्याने होतात.

त्याच कचरा वेचणाऱ्या बाईच्या झोपडीपाशी रात्री राखण करणारा कुत्राही असतो, हे विसरता येत नाही. भीती आणि सोबत या दोन्ही गोष्टी त्या एकाच प्राण्याकडून तिला मिळतात. म्हणूनच ‘हटवा’ आणि ‘खायला घाला’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. तिसऱ्या उत्तरात भावना कमी आणि काम अधिक आहे : गल्लीतली कुत्री किती याची मोजणी, प्रत्येकीच्या लशीची नोंद, नसबंदीसाठी पकडायला आलेल्या पथकाला अडवण्याऐवजी मदत, खायला घालण्याची ठरलेली जागा, झाकलेला कचरा, आणि चावल्याबरोबर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लशीसाठी तातडीने दवाखाना गाठावा ही प्रत्येक घराला असलेली माहिती. यातले एकही काम वीरश्रीचे नाही.

१८३२ च्या मुंबईकरांनी गल्लीतल्या कुत्र्यासाठी बाजार बंद ठेवला, शिपायांशी झुंज दिली. तो आपला आहे, असे त्यांनी सत्तेला ठणकावून सांगितले. ‘आपला’ या शब्दाचा अर्धा अर्थ हक्काचा आहे आणि तो त्यांनी बजावला. उरलेला अर्धा अर्थ उत्तरदायित्वाचा आहे. तो बजावण्यासाठी दंगल करावी लागत नाही. रोज सकाळी दाराबाहेर पाहावे लागते. ‘सर्वांत जवळचे घर कोणते’ या जुन्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गल्लीत आजही कुणीतरी द्यायचे आहे. आणि बहुतेक वेळा ते घर आपलेच असते.