दोन टायरांची सवय

माझी पुतणी कॅनडातल्या ओटावाला नोकरीसाठी गेली आणि पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर तिने एक जुनी, छोटी गाडी घेतली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळणारी. म्हणजे 1983 साली आलेल्या मारुती 800 पासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या असतात तशीच. टायरच्या दुकानात तिला सांगण्यात आले की ओढायचे काम पुढची चाके करतात, तेव्हा बर्फाचे टायर पुढे दोनच बसवा, मागचे आहेत ते चालतील. चार टायरांचा खर्च ऐकून तिलाही ते पटले. पहिल्या बर्फात एका वळणावर वेग जरा जास्त वाटला म्हणून तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि गाडीचे मागचे अंग गर्रकन फिरून गाडी कडेच्या ढिगाऱ्यात जाऊन बसली. इजा कोणाला झाली नाही. रात्री फोनवर तिचा एकच प्रश्न होता, "काका, पुढचे टायर नवे होते, मग गाडी मागून का गेली?"

या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, पण दुकानदाराच्या त्या सल्ल्याचे मूळ इतिहासात आहे.

बर्फासाठी वेगळा टायर ही कल्पना फिनलंडमध्ये रुजली. नोकिया गावातल्या रबर कारखान्याने 1934 साली मालमोटारींसाठी हिवाळी टायर काढला आणि 1936 साली मोटारींसाठी ‘लुमी हाक्कापेलीट्टा’. लुमी म्हणजे बर्फ. दुसरा शब्द तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या राजाकडून लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचा. त्या टायरवर खोल, आडवे खाचे होते. खाचांत बर्फ दाबला जातो आणि तो जमिनीवरच्या बर्फाला धरतो. बर्फावर सर्वांत चांगली पकड बर्फाचीच असते, ही गंमत तिथल्या कारागिरांनी ओळखली होती.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, आपल्या ॲम्बॅसडरसारखी. मागच्या भागावर वजन कमी, त्यामुळे बर्फात चाके जागच्या जागी फिरत बसत. अमेरिकेत आणि कॅनडात लोकांनी त्यावर स्वस्त तोडगा काढला: थंडी आली की मागे दोन ‘स्नो टायर’ चढवायचे, वसंतात उतरवून ठेवायचे. गाडी निघू लागली. शिवाय एक फायदा न मागता मिळाला. मागची पकड पुढच्यापेक्षा जास्त असल्याने गाडी वळणावर फार तर सरळ पुढे घसरे, गिरकी सहसा घेत नसे. सरळ घसरणे हेही काही सुखाचे नाही. पण वेग कमी केला की त्यातून सावरता येते.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या युरोपात आधीपासून होत्या. सिट्रोएनने 1934 साली आपल्या गाडीचे नावच तसे ठेवले होते. मात्र बर्फातली त्यांची कीर्ती स्वीडनच्या साब आणि इंग्लंडच्या मिनी या दोन छोट्या गाड्यांनी वाढवली. विमाने बनवणाऱ्या साबने 1949 च्या अखेरीस पहिली मोटार बाजारात आणली. इंजिनाचे वजन ओढणाऱ्या चाकांवरच, त्यामुळे ती बर्फातून निमूट निघे. एरिक कार्लसनने साब 96 घेऊन 1962 आणि 1963 ची मोंटे कार्लो रॅली जिंकली. पुढे मिनीने 1964, 1965 आणि 1967 साली तीच रॅली मारली. (1966 साली पहिल्या तिन्ही मिनी दिव्यांच्या नियमावरून बाद झाल्या, तो वाद इंग्रज अजून विसरलेले नाहीत.) 1965 ची रॅली भयंकर हिमवर्षावात झाली. निघालेल्या 200 हून अधिक गाड्यांपैकी 35 शेवटपर्यंत पोचल्या आणि टिमो मॅकिनेनची मिनी पहिली आली.

हे उत्तरेकडचे चालक उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबून ठेवत आणि डाव्याने ब्रेकला टिचकी मारत. त्याने मागची चाके मुद्दाम घसरत आणि गाडीचे नाक वळणात शिरे. म्हणजे माझ्या पुतणीच्या गाडीने जे आपखुशीने केले, तेच हे लोक ठरवून करत. फरक इतकाच की त्यांना ते कधी थांबवायचे हे ठाऊक होते.

1970 च्या दशकात तेल महागले आणि उत्तर अमेरिकेतही पुढच्या चाकांच्या छोट्या गाड्या मोठ्या संख्येने आल्या. लोकांनी जुनी रीत तशीच ठेवली. ताकदीच्या चाकांना स्नो टायर, हा नियम पाठ होता; ताकदीची चाके आता पुढे होती, म्हणून टायर पुढे गेले. नियम तोच राहिला आणि परिणाम उलटा झाला. वळणावर पाय काढला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. पुढे पकड घट्ट, मागे निसरडी, अशा वेळी मागचे अंग पुढे यायला बघते. दोन टायरांचे पैसे वाचवून माणूस नेमकी ही अवस्था विकत घेतो.

दुसरीही एक समजूत या कीर्तीतून आली: जी गाडी बर्फातून सहज निघते, ती सहज थांबतेही. निघण्यात पुढची चाके उपयोगी पडतात, थांबण्यात चारही टायरांचे रबर लागते. हिशोब करून पाहिला. ताशी 50 किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरावर गाडीला साधारण 14 मीटर लागतात, दाबलेल्या बर्फावर 40 च्या आसपास आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर जवळजवळ 100. यात माणसाला भान यायला लागणारा वेळ धरलेला नाही. उन्हाळी टायरचे रबर साधारण 7 अंशांखाली कडक होत जाते; हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. बारमाही म्हणून विकले जाणारे टायर या दोघांच्या मधले.

मधल्या काळात खिळ्यांचे टायर आले. गोठलेल्या रस्त्यावर ते उत्तम, पण डांबर खरवडतात. पश्चिम जर्मनीने 1975 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. जपानमध्ये त्या धुळीने शहरांची हवा बिघडली, 1990 साली कायदा झाला, आणि बिनखिळ्यांच्या मऊ टायरांचे संशोधन तिथे जोरात चालले.

क्वेबेक प्रांताने 2008 च्या हिवाळ्यापासून हिवाळी टायर सक्तीचे केले, तेही चारही चाकांना. त्याला लागूनच असलेल्या ओंटॅरिओत, जिथे ओटावा आहे, अशी सक्ती नाही. 2016 पासून विमा कंपन्यांना सवलत द्यावी लागते, एवढेच. ही सवलत मला आधी ठाऊक असती तर पुतणीला वेळेवर सांगता आली असती. तिने त्याच महिन्यात मागचे दोन घेतले. पुढच्या वर्षी जुन्या बाजारातून लोखंडी रिमांचा एक संच आणला आणि चारही टायर त्यावर कायमचे बसवले. ऑक्टोबरअखेर तिचा फोन येतो तेव्हा दिवाळीच्या फराळाच्या चौकशीनंतर ती हमखास सांगते, "काका, काल सकाळी सहा अंश होतं, टायर बदलले."