प्लेगचे दिवस : सत्ता आणि सेवा

बनशंकरीहून शहराकडे जाताना बसवनगुडीचे सरळ, रुंद रस्ते लागतात. १८९८ साली बंगळूरात प्लेग शिरला. त्यानंतर जुन्या पेठांची दाटी कमी व्हावी म्हणून ही वसाहत वसविण्यात आली. त्या साथीची आदल्या वर्षीची पुण्यातील हकीकत मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सांगावी, असे आम्हांस वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. पुढे रोग पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. त्याने सरकारला असामान्य अधिकार दिले आणि सद्‌हेतूने केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांस संरक्षणही दिले. पुण्याच्या प्लेग कमिटीची सूत्रे वॉल्टर रँड यांच्याकडे आली. मार्चपासून गोरे शिपाई झडतीसाठी घरोघर, अगदी देवघरापर्यंत शिरू लागले. सामान जाळले गेले, जमिनी उकरल्या गेल्या, रोगी इस्पितळात व नातलग छावणीत नेले गेले.

त्याच सुमारास हडपसरजवळ सासणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी पाठीवरून तेथे आणले. सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. रोग्यास घराबाहेर हलविण्याचे कार्य सरकारचेही होते आणि सावित्रीबाईंचेही. परंतु एकीकडे दारावर बुटांचा आवाज होता, दुसरीकडे माउलीची पाठ होती.

लोकमान्य टिळक शहरात राहिले. त्यांनी लोकवर्गणीतून हिंदूंसाठी इस्पितळ काढले, लोकांना सहकार्याचा उपदेश केला आणि त्याच वेळी शिपायांच्या जुलमावर टीकाही केली. संताप मात्र शमला नाही. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली. ३ जुलै रोजी ते मरण पावले.

उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवून दिले. म्हणजे ज्या ज्ञानाच्या बळावर दरवाजे फोडले गेले, ते ज्ञानच अपुरे होते.

आम्ही स्वतः सरकारी सेवक आहोत. आपत्तीत हुकूम, खर्चाची मंजुरी आणि एकसूत्रीपणा यांवाचून केवळ उत्साहाने भागत नाही, हे आम्ही जाणतो. १८९७ चा तोच कायदा २०२० च्या करोना साथीतही वापरला गेला. तेव्हाही अडलेल्यांच्या दारी शिधा पोहोचविण्यास शेजारी आणि स्वयंसेवकच धावले. सरकारी हुकूम उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. आतील माणसाने विश्वासाने कडी काढावी, यासाठी ओळखीचा आवाज लागतो.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना असा आवाज मंडळाने द्यावा, आणि आमच्यासारख्या अधिकाऱ्यांनी दार वाजविण्यापूर्वी त्या आवाजाला सोबत घ्यावे, एवढीच या प्रसंगी प्रार्थना.