जीनोम प्रयोगशाळेतील संशोधन सहाय्यक : काम काय, वाट कोणती?

आपल्या घरांतही आता बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी घेतलेली मुलं-मुली कमी नाहीत. पदवीनंतर पुढे काय, इथे मात्र गाडी अडते. मानवी जनुकांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत सहाय्यक होणं, ही त्यातली एक वाट. जाहिरातीत हे पद प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट किंवा प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट अशा नावाने येतं.

काम बरंचसं हातांचं आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त येतं. त्यातल्या पांढऱ्या पेशींतून डीएनए काढायचा, कारण माणसाच्या प्रौढ लाल पेशींत केंद्रकच नसतं. मग तो शुद्ध आहे का ते मोजायचं, पीसीआर लावायचा, उरलेला नमुना उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा. प्रत्येक वेळी एका नळीत डीएनएऐवजी नुसतं पाणी घालतात. त्या नळीतही निकाल दिसला, तर कुठेतरी भेसळ झाली समजायचं आणि सगळं पुन्हा करायचं.

आमच्या मते खरी परीक्षा मात्र लेबलची. नळीवर नाव नसतं, क्रमांक असतो. नवरा-बायको दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. क्रमांकांची अदलाबदल झाली, तर वाहकालाच "तुम्हाला काही नाही" असा निरोप जाईल. चुलत-मावस नात्यांत लग्नं होणाऱ्या कुटुंबांसाठी ही गोष्ट जास्तच नाजूक, कारण तिथे दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. अर्थात हा एकट्या आपल्या समाजाचा आजार नव्हे; सिंधी, लोहाणा कुटुंबांतही तो आढळतो.

दुसरी जबाबदारी संमतीची. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुना देणाऱ्याला त्याला कळेल अशा भाषेत सगळं समजावावं लागतं, आणि तो केव्हाही माघार घेऊ शकतो. फॉर्मवर अंगठा घेतला की काम झालं, असं नाही. एखाद्या खालाजानला मराठीत किंवा दखनीत समजावून सांगणारी आपली मुलगी तिथे असेल, तर फरक पडतो. कुणाचं रक्त आणि घरची माहिती ही अमानतच. शेजारी-पाजारी बोलायची गोष्ट नाही.

पात्रता बहुधा बी.एस्सी. किंवा एम.एस्सी.; गेट, नेट असल्यास उत्तम. नेट-जेआरएफला 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे मिळतं. साध्या सहाय्यकाला सहसा कमी. हैदराबादची सीसीएमबी, दिल्लीची आयजीआयबी, मुंबईत परळची राष्ट्रीय रुधिर प्रतिरक्षा संस्था यांच्या वेबसाइटवर जाहिराती पाहत राहा. लिनक्स आणि पायथॉन थोडं शिकून ठेवा, कारण एका माणसाच्या जीनोममध्ये सुमारे 3 अब्ज अक्षरजोड्या असतात; ते वाचायला संगणकच लागतो.

एक गोष्ट अम्मी-अब्बांनी आधीच समजून घ्यावी : ही नोकरी बहुतेक वेळा कंत्राटी असते, प्रकल्प संपला की तीही संपते. करार किती महिन्यांचा आहे आणि पीएच.डी.ला नाव नोंदवता येईल का, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या.