पानं मोजणारी माणसं

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला कार्ड काउंटिंग नव्याने शिकवावं लागत नाही. चारपैकी किती मेंढ्या गेल्या, हुकमाची किती पानं बाहेर आली, कुणाच्या हातात काय उरलं असेल, हे सगळं आपण सुट्टीतल्या डावांमध्ये आपोआप मोजत असतो. गेलेलं पान परत येत नाही, म्हणून उरलेल्यांचा अंदाज बांधता येतो. एवढीच ही विद्या. तरी ब्लॅकजॅकच्या टेबलावर नेमकं हेच केल्याबद्दल अमेरिकेतल्या कसिनोंनी लोकांना बाहेर काढलं, त्यांचे फोटो एकमेकांना पाठवले, कोर्टात खटले लढवले. हे मोजणारे लोक सिनेमात जादूगार वाटतात. मी त्यांचा इतिहास वाचायला घेतला तो त्याच आकर्षणापोटी. हाती लागली ती मात्र एका टक्क्याची गोष्ट.

आधी खेळ समजून घेऊ. राजा, राणी, गुलाम यांचे प्रत्येकी १० गुण, एक्क्याचा १ किंवा ११. बेरीज २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त करायची. डीलरला स्वतःची अक्कल चालवायची मुभा नसते: १६ पर्यंत पान घ्यायचंच, १७ झाले की थांबायचं. खेळाडू आधी खेळतो आणि २१ ओलांडले की त्याचे पैसे तिथेच गेले. नंतर डीलरनेही २१ ओलांडले, तरी ते परत मिळत नाहीत. कसिनोची कमाई मुख्यतः या एका नियमातून होते.

या खेळाकडे गणित म्हणून नीट पाहिलं ते चार तरुणांनी. १९५० च्या दशकात रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कॅन्टी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडर्मट हे अमेरिकेच्या लष्करात, मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीन तळावर होते. हाताशी टेबलावरचे साधे कॅल्क्युलेटर. त्यांवर आकडेमोड करत त्यांनी कोणत्या बेरजेला पान घ्यावं आणि कोणत्या बेरजेला थांबावं याचं कोष्टक तयार केलं. ते १९५६ मध्ये संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आलं. त्यांच्या हिशेबाने, कोष्टकाप्रमाणे खेळल्यास कसिनोची आघाडी ०.६२ टक्क्यांवर येत होती. म्हणजे १०० रुपये लावले तर सरासरी ६२ पैसे जाणार. जुगाराच्या मानाने हे जवळजवळ फुकटच.

हा लेख एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाच्या हाती पडला. १९५८ च्या नाताळात तो बायकोबरोबर लास व्हेगासला गेला, कोष्टक एका छोट्या कार्डावर लिहून घेतलं आणि दहा डॉलर घेऊन बसला. साडेआठ डॉलर हरून उठला. पण एक प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला. ते कोष्टक प्रत्येक डाव नव्या कॅटने सुरू होतो असं धरून केलं होतं. प्रत्यक्षात एकाच कॅटमधून बरेच डाव वाटले जात. मग आधी गेलेल्या पानांचा काहीच उपयोग नाही?

एमआयटीमध्ये शिकवताना त्याला आयबीएम ७०४ हा संगणक वापरायला मिळाला. त्यासाठी तो फोरट्रान शिकला. कॅटमधून एकेका किमतीची चारही पानं काढून टाकायची आणि काय होतं ते पाहायचं, असा त्याचा प्रयोग होता. चारही पंजे काढले, तर खेळाडूची आघाडी तीन टक्क्यांच्या वर जात होती.

कारण सरळ आहे. डीलरला १२ ते १६ वर पान घ्यावंच लागतं, आणि तिथे लहान पान त्याला वाचवतं, तर मोठं पान बुडवतं. शिवाय एक्का आणि दहाची जोडी आली, तर खेळाडूला दीडपट मिळतात. म्हणून कॅटमध्ये मोठी पानं जास्त उरली असतील, तेव्हा पारडं खेळाडूकडे झुकतं.

नवशिक्यांना आज शिकवतात ती हाय-लो पद्धत हार्वी डब्नर यांनी १९६३ मध्ये मांडली. २ ते ६ पैकी पान दिसलं की एक मिळवायचा, १०, चित्रं किंवा एक्का दिसला की एक वजा करायचा, आणि ७, ८, ९ सोडून द्यायचे. आलेल्या आकड्याला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं. आकडा चढला की पैसे जास्त लावायचे, उतरला की कमी. यात प्रत्येक पान पाठ करायला लागत नाही. बेरीज-वजाबाकी पुरते, फक्त ती गोंगाटात, न चुकता, तासन्‌तास करता यावी लागते.

थॉर्पला आपला निबंध छापायचा होता आणि त्यासाठी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्याची शिफारस हवी होती. माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन एमआयटीतच होता. त्याने काम वाचलं आणि शीर्षकात एक बदल सुचवला: ‘जिंकण्याची’ पद्धत म्हणू नकोस, ‘अनुकूल’ पद्धत म्हण. निबंध १९६१ मध्ये तसाच छापला गेला.

या सगळ्या इतिहासात मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो. समजा, मोजणी करून तुम्ही एक टक्क्याची आघाडी मिळवली आणि १०० रुपयांचे १०० डाव खेळलात. एकूण लावले १०,००० रुपये, अपेक्षित नफा १०० रुपये. पण त्याच १०० डावांत नशिबाने हजार-अकराशे रुपये इकडे किंवा तिकडे होणं अगदी रोजचं आहे. नफा आणि नशिबाचा हा झोका एका मापाचे व्हायलाच तेरा हजार डाव लागतात. तोपर्यंत अचूक मोजणारा माणूसही कफल्लक होऊ शकतो. ‘अनुकूल’ आणि ‘जिंकणारी’ या दोन शब्दांमध्ये हे तेरा हजार डाव आहेत.

थॉर्पने ते करून दाखवलं. दोन श्रीमंत जुगाऱ्यांनी दिलेल्या दहा हजार डॉलरचे त्याने नेवाडात एकवीस हजार केले. १९६२ मध्ये त्याचं ‘बीट द डीलर’ हे पुस्तक आलं आणि तुफान खपलं. कसिनो घाबरले. एप्रिल १९६४ मध्ये लास व्हेगासने नियम कडक केले. त्यावर नेहमीचं गिऱ्हाईकच टेबल सोडून जाऊ लागलं आणि काही आठवड्यांत जुने नियम परत आले. मग कसिनोंना उमगलं की पुस्तक वाचून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना नीट मोजता येतच नाही. आपण जिंकू शकतो, या भरवशावर ते येत आणि हरून जात. थॉर्पच्या पुस्तकाने कसिनोंना गिऱ्हाईकच मिळवून दिलं.

ज्यांना खरोखर जमत होतं, त्यांच्यासाठी दार होतं. केन उस्टन हा एकेकाळी पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजमध्ये मोठ्या हुद्द्यावर होता. पुढे तो टोळी करून पानं मोजू लागला आणि अटलांटिक सिटीतल्या कसिनोने त्याला बाहेर काढलं. तो कोर्टात गेला. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: खेळाचे नियम ठरवायचा अधिकार सरकारी आयोगाचा आहे, मोजतो म्हणून माणसाला कसिनो आपल्या मर्जीने हाकलू शकत नाही. उस्टन जिंकला. त्यानंतर तिथल्या टेबलांवर कॅटची संख्या वाढली आणि पानं लवकर पिसली जाऊ लागली. नेवाडात तर आजही मनात मोजणं गुन्हा नाही, पण कसिनो तुम्हाला ‘या आता’ म्हणू शकतो.

फोनवरच्या ब्लॅकजॅकमध्ये तर बहुतेकदा संगणक प्रत्येक डावाआधी सगळी पानं नव्याने पिसतो. गेलेली पानं परत येतात, म्हणजे मोजायला काही उरतच नाही. तिथे मोजणी शिकवणारा कुणी भेटला, तर तो तुम्हाला काय विकतोय ते बघा.

थॉर्प स्वतः पुढे टेबल सोडून शेअर बाजारात गेला. तिथेही त्याने तेच केलं: लहानशी आघाडी शोधायची, झोका सोसता येईल इतकेच पैसे लावायचे आणि थांबायचं. फरक एवढाच की तिथे जिंकला म्हणून त्याला कुणी उठवलं नाही.