दुगाडचे धुके : रामचंद्र गणेश यांची सरहद्द

आपल्या खडवलीच्या पश्चिमेस, भिवंडी तालुक्यात, दुगाड नावाचे गाव आहे. वज्रेश्वरीस जाणाऱ्या ज्ञातिबांधवांस तो मुलूख परिचित असेल. परंतु १७८० च्या डिसेंबरात तेथे काय घडले, हे शाळेच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. म्हणून ही हकीकत आम्ही येथे देत आहोत.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि घरच्याच माणसांत युद्ध पेटले. कारभारी एका बाजूस, राघोबादादा दुसऱ्या बाजूस. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली, आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने दादांनी साष्टी व वसई इंग्रजांस देऊ केली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये केवढ्या मोलाने मिळविलेली ही वसई! अशा रीतीने ठाण्याची खाडी सरहद्द झाली व कल्याण-भिवंडीचा आपला प्रांत ऐन तोंडावर आला. १७८० मध्ये कल्याणही इंग्रजांकडे गेले आणि नोव्हेंबरात गॉडर्डने वसईस वेढा घातला.

हा वेढा उठविण्याची कामगिरी रामचंद्र गणेश यांच्याकडे आली. १७६९ च्या उत्तरेच्या स्वारीचे ते एक सेनानी, मोकळ्या मैदानात घोडदळ खेळविणारे. येथे मैदान कसले? पावलोपावली भातखाचरांचे बांध, ओढे, रानाच्या टेकड्या. देशावरच्या घोड्याला कडबा व हरभरा लागतो. कोकणात मिळतो तो पेंढा. घाट उतरून रसद आणावी तर किती आणावी? स्वारांच्या सेनापतीस तोफांपेक्षा ही काळजी अधिक असते, असे आम्हांस वाटते. त्यातून शत्रूच्या पाठीशी पेशव्यांच्याच घरातला पुरुष.

वेढ्याचे रक्षण करणारा कर्नल हार्टले दुगाडास तळ देऊन होता. १० डिसेंबरपासून लढाई जुंपली. १२ तारखेस पहाटे दाट धुके होते. भातसेकाठचे थंडीतले धुके ज्याने पाहिले आहे, त्यास हाताचे अंतर न दिसणे म्हणजे काय ते सांगावयास नको. त्या आडोशाने अरब व पायदळ घेऊन रामचंद्र गणेश टेकडीवर चालून गेले. नरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी बरोबर होता. त्या दिवशी आपल्यापैकी कोण होते, असे मुले विचारतात. फौज सर्व जातींची होती, एवढे उत्तर पुरे आहे. हार्टलेने तेथे आधीच तोफा मांडल्या होत्या. धुके एकाएकी विरले, तोफा सुटल्या. रामचंद्र गणेश पडले, नरोन्हा जखमी झाला आणि फौज मागे फिरली.

ज्या वसईसाठी ही झुंज, ती ११ डिसेंबर रोजीच शरण गेली होती.

मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांस परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.