की दाबली, चित्र दिसलं: मधल्या मिलिसेकंदांचा इतिहास

दृष्टीवरच्या प्रयोगाचा पहिला कोड साधारण असा असतो: सहभागी व्यक्तीने स्पेसबार दाबला की चित्र दाखवा, तिने उत्तराची की दाबली की वेळ नोंदवा. पाच-सहा ओळींत काम होतं. पण घटना घडली कधी आणि नोंदली गेली कधी, हा प्रश्न संगणकाहून खूप जुना आहे. त्यापायी एकाची नोकरीही गेली आहे.

ग्रीनिचच्या वेधशाळेत, दुर्बिणीतला बारीक धागा तारा कधी ओलांडतो ते घड्याळाचे ठोके ऐकत नोंदवायचे. १७९६ मध्ये मुख्य खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रुक या सहायकाला काढून टाकलं, कारण त्याच्या नोंदी त्यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिराच्या येत. पुढे १८२० च्या दशकात बेसेल यांनी नामवंत खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर त्यांच्यातही असाच फरक निघाला! म्हणजे हा हलगर्जीपणा नव्हताच; प्रत्येक निरीक्षकाचा स्वतःचा असा एक फरक होता.

हाच उशीर मोजण्याचा विषय केला तो डच शरीरशास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी, १८६८ मध्ये. एका ठरलेल्या खुणेला एकच प्रतिसाद द्यायचा, हे पहिलं काम. दोन खुणांपैकी कोणती आली ते ओळखून वेगवेगळा प्रतिसाद द्यायचा, हे दुसरं. दुसऱ्या वेळेतून पहिली वजा केली, की उरतो ओळखण्या-निवडण्याचा वेळ. या वजाबाकीचा एक फायदा लक्षात घ्या: यंत्राचा उशीर दोन्हीकडे सारखा असेल, तर तोही वजा होऊन जातो. पण तो सारखा असेल, तरच.

चित्र क्षणभरच दाखवायचं, तर त्यासाठी टॅचिस्टोस्कोप हे यंत्र एकोणिसाव्या शतकातच आलं होतं. जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मधल्या गाजलेल्या प्रयोगात त्यावर अक्षरं ५० मिलिसेकंद दाखवली. तिथे सहभागी व्यक्ती मधल्या फुलीवर नजर नीट स्थिरावली की स्वतः बटण दाबायची, आणि अर्ध्या सेकंदाने अक्षरं दिसायची. तुमच्या स्पेसबारचा हा थेट पूर्वज. उशीर इथेही आहे, पण तो मुद्दाम ठेवलेला आणि आधीच माहीत असलेला.

मग संगणक आला. डेव्हिड ब्रेनार्ड आणि डेनिस पेली यांचा सायकोफिजिक्स टूलबॉक्स १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. जोनाथन पीअर्स यांचा सायकोपाय २००७ मध्ये. काम सोपं झालं, पण उशीर आता डोळ्यांआड गेला. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच नवं चित्र घेतो. ५० मिलिसेकंद म्हणजे बरोबर तीन फ्रेम. पण ४० हवे असतील तर ते मिळतच नाहीत. एकतर ३३ घ्या, नाहीतर ५०. शिवाय की फ्रेमच्या मध्येच दाबली गेली, तर चित्र पुढच्या फ्रेमची वाट बघतं. कीबोर्डचा स्वतःचा उशीर वेगळाच.

सगळे उशीर सारखेच घातक नसतात. कायम सारखा असलेला उशीर डॉन्डर्सच्या वजाबाकीत जातो. कमी-जास्त होणारा उशीर निकाल धूसर करतो. जास्त ट्रायल घेतले की त्याचा त्रास कमी होतो. खरा धोका तिसऱ्याचा. समजा एका गटात साधे आकार आहेत, दुसऱ्यात मोठे फोटो, आणि की दाबल्यावर तुमचा कोड फाइल उघडतोय. फोटो उशिरा दिसणार, आणि वेळ की दाबल्यापासून मोजत असाल तर तुम्ही निष्कर्ष काढणार, 'फोटो ओळखायला मेंदूला जास्त वेळ लागतो.' कितीही ट्रायल घ्या, ही चूक जाणार नाही.

म्हणून सगळी चित्रं प्रयोग सुरू होण्याआधीच मेमरीत घ्या. वेळ मोजायला सुरुवात कराल ती चित्र पडद्यावर आलेल्या फ्लिपपासून, की दाबल्यापासून नव्हे. आणि पडद्याच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन काढून, त्यावर फोटोडायोड लावून, प्रत्यक्ष उशीर एकदा मोजाच. तो आकडा तुमच्या शोधनिबंधाच्या 'पद्धती' विभागात लिहा. किनेब्रुकच्या वेळी हे मोजायची सोय नव्हती, तुमच्याकडे आहे.